पान एकशे त्रेचाळीस

१

मंगळवारी सकाळी नोटीस बोर्डावर कागद लागला आणि दुपारच्या जेवणापर्यंत सगळ्या विद्यापीठाला ठाऊक झालं की मुंगीने चोरी केली.

कागदावर तीनच ओळी होत्या. प्रबंधातलं चौथं प्रकरण मार्चमध्ये प्रसिद्ध झालेल्या एका लेखाशी जवळपास शब्दशः जुळतं, सबब प्रबंध स्थगित, सुनावणी शुक्रवारी अकरा वाजता. खाली कुलसचिवांची सही. चौकशी व्हायच्या आधीच कागद भिंतीवर! एखाद्याची अब्रू काढायची तर निदान दार लावून काढावी, एवढीही लाज कुणाला वाटली नाही.

संदर्भ विभागाच्या ग्रंथपाल बाईंनी तो कागद दोनदा वाचला आणि त्यांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. या बाईंना मागे सगळे ‘तळटीपबाई’ म्हणायचे. समोर अर्थातच मॅडम. कारण असं की ग्रंथालयात कुणाचाही प्रबंध आला, की बाई त्यातल्या दहा तळटिपा डोळे मिटून निवडायच्या, ती ती पुस्तकं स्वतः कपाटातून काढायच्या आणि सांगितलेलं वाक्य सांगितलेल्या पानावर आहे का ते बघायच्या. नसलं तर त्या माणसाची खैर नसे. तीस वर्षांत त्यांनी दोन प्राध्यापकांना रडवलं होतं आणि त्याचा त्यांना मुळीच पश्चात्ताप नव्हता.

मुंगी म्हणजे एका शिवणकाम करणाऱ्या बाईची मुलगी. पाच वर्षं रोज सकाळी वाचनालय उघडताना दारात उभी आणि बंद करताना हाकलावी लागे, म्हणून ते नाव पडलं. आता ती संदर्भ विभागातल्या टेबलासमोर उभी होती. रडत नव्हती, आणि तेच बाईंना जास्त लागलं.

“बस आधी,” बाई म्हणाल्या. “आणि खरं सांग. लेख बघितला होतास?”

“नाही हो मॅडम. ते नियतकालिक आपल्याकडे येतच नाही. काल कुलसचिवांनी हातात दिला तेव्हा पहिल्यांदा बघितला.”

“कुणाचा आहे?”

“टायवाल्यांचा.”

टायवाले म्हणजे तिच्याच विभागातले नवे व्याख्याते. ऐन उन्हाळ्यातही गळ्यात टाय.

“मग तुझं प्रकरण आधीचं, याला काही पुरावा?”

“गेल्या सप्टेंबरात मार्गदर्शक सरांना दिलं होतं. कागदावर छापून. सर पडद्यावर वाचत नाहीत ना, त्यांना कागद आणि लाल पेन लागतं. ते परत मागितलं तर म्हणाले, शोधतो. मग म्हणाले, कुठेतरी गेलं. आणि आता म्हणतात...” तिने टेबलाची कड धरली. “आता म्हणतात, तू सप्टेंबरात मला काही दिलंच नव्हतंस.”

“आणि संगणकावर?”

“एकच फाईल. त्यातच दुरुस्त्या करत गेले. तिच्यावर तारीख एप्रिलची. समिती म्हणते, लेख मार्चचा, फाईल एप्रिलची, आणखी काय हवं?”

बाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. शुक्रवारी हा निकाल लागला तर पाच वर्षं पाण्यात, आणि पुन्हा कुठल्याही विद्यापीठाचं दार या मुलीला उघडणार नव्हतं.

“अजून एक आहे मॅडम,” मुंगी म्हणाली. “एप्रिलमध्ये सर म्हणाले होते, हे चौथं प्रकरण काढून टाक, कच्चं आहे. मी ऐकलं नाही. तेच माझ्या प्रबंधाचा जीव आहे. मी ऐकलं असतं तर आज ही वेळच आली नसती, नाही का?”

२

विभागप्रमुख सर म्हणजे देवमाणूस, असं विद्यापीठात लहानथोर सगळे म्हणायचे. तेच मुंगीचे मार्गदर्शक. कुणाच्या घरी आजारपण असलं तर सर आधी पोचणार, कुणाची फी अडली तर सर भरणार. तळटीपबाईंचंही त्यांच्याबद्दल वाईट मत नव्हतं. फक्त एकच गोष्ट त्यांना खुपत होती, की ज्या समितीपुढे मुंगी उभी राहणार होती, त्या तिघांत एक सर स्वतः होते.

“मॅडम, मला काय आनंद होतोय का?” बाई त्यांच्या खोलीत गेल्या तेव्हा सरांनी हात चोळले. “मुलीसारखी मानली तिला. पण डोळ्यांवर कातडं ओढून कसं चालेल?”

“ती म्हणते सप्टेंबरात तुम्हाला मसुदा दिला.”

“छे, छे! मी ते प्रकरण पहिल्यांदा पाहिलं ते एप्रिलमध्ये. त्या आधी एक कागद नाही.”

“मग काढून टाक कशाला म्हणालात?”

सरांनी टेबलावरचे कागद सारखे केले. “कच्चं होतं म्हणून. मला तेव्हाच शंका आली होती म्हणा ना. आणि तुम्ही तरी तिची बाजू घेऊ नका हो! तुम्ही तळटिपांच्या माणूस. तिची मुख्य तळटीप बघा. विहीर पाहणी अहवाल, पान एकशे त्रेचाळीस. संपलं! कुठली प्रत, कुठलं ग्रंथालय, पत्ता नाही. माझ्या लेखी अभिप्रायातही मी हे लिहिलंय, सहीनिशी. जी मुलगी इतकी घाई करते, ती दुसऱ्याचं उचलणार नाही कशावरून?”

बाईंच्या मनाला ते वाक्य लागलं. आपल्या हाताखाली पाच वर्षं बसलेल्या मुलीने अर्धवट तळटीप द्यावी? त्या उठल्या. रागात माणसाचं डोकं चालत नाही म्हणतात ते खोटं नाही. त्या वाक्यात काय दडलं होतं ते त्यांना दोन दिवस कळलं नाही.

दाराशी सरांनी मागून हाक मारली. “मॅडम, एक ऐका. बोलू नये, पण त्या टायपिंगवाल्याकडे बघा जरा. समोरच्या गल्लीतला. त्याच्याकडून प्रकरणं बाहेर विकली जातात असं म्हणतात.”

३

टायपिंगवाल्या काकांचं दुकान म्हणजे एक माणूस, दोन संगणक, आणि छतापर्यंत प्रबंधांचे गठ्ठे. चोरीचा विषय निघताच काकांनी दोन्ही हात कानांवर ठेवले.

“मॅडम, मी आणि प्रकरण विकणार? अहो, ती वाचायला लागली तर मीच वेडा होईन, विकत कोण घेणार?”

“लोक बोलतात.”

“लोकांचं काय जातंय बोलायला! गरीब सापडला की ठोका. थांबा, वही दाखवतो.” काकांनी नोंदवही काढली. कुणाचं काम कधी आलं, किती पानं, कधी गेलं, सगळं गिचमिड पण नेटकं. “हे बघा तुमच्या मुंगीचं. अठरा एप्रिल. त्याआधी तिचं एक पान माझ्याकडे आलेलं नाही. पोरगी सगळं स्वतः टाइप करायची, शेवटची मांडणी तेवढी माझ्याकडे.”

बाईंनी पर्समधून टायवाल्यांच्या लेखाची प्रत काढली. पहिल्या पानाच्या तळाशी, जिथे कुणी बघत नाही, तिथे बारीक अक्षरात छापलं होतं की संपादकांना लेख मिळाला नोव्हेंबरात. छापून आला मार्चमध्ये.

म्हणजे चोरी झाली असली तर ती नोव्हेंबरच्या आधी झाली. आणि एप्रिलमध्ये काम हाती घेणारा माणूस नोव्हेंबरात काय विकणार, कपाळ?

“काका, तुम्ही सुटलात,” बाई म्हणाल्या.

“सुटायला मला कुणी पकडलं होतं?” काका खवळले. “नाव तरी सांगा, कोण बोललं ते!”

बाईंनी नाव सांगितलं नाही. पण परत येताना जिना चढता चढता त्या तिसऱ्या पायरीवर थांबल्या. आयुष्यात कधी कुणाबद्दल वाकडा शब्द न काढणाऱ्या सरांना आजच या गरिबाकडे बोट दाखवायची गरज का पडावी?

४

टायवाले तयारीतच होते. बाई खोलीत शिरल्या तसा त्यांनी खण उघडला आणि एकेक कागद टेबलावर मांडला. राजधानीचं रेल्वेचं तिकीट. तिथल्या अभिलेखागाराचा प्रवेशाचा पास. अभिलेखागाराच्या पायऱ्यांवर उभं राहून काढलेला फोटो, टायसकट.

“ऑक्टोबरातली सुट्टी सगळी यात घालवली मॅडम. लोक फिरायला जातात, मी धूळ खायला गेलो.”

“विहीर पाहणी अहवाल तिथे पाहिलात?”

“अर्थात. लेखात लिहिलंय ना! राजधानी अभिलेखागाराची प्रत, पान एकशे त्रेचाळीस. तळटिपेत सगळं आहे.”

तो अहवाल म्हणजे शंभर वर्षांपूर्वीचा. शहरात तापाची साथ आली, तेव्हा तिथल्या आरोग्य अधिकाऱ्याने प्रत्येक विहिरीचं पाणी तपासून नोंद केली होती. त्याच्या आता दोनच प्रती उरल्या होत्या, एक राजधानीत, एक बाईंच्या कपाटात. साथ पसरवतात म्हणून तेव्हा शेकडो विहिरी बुजवल्या गेल्या. चौथ्या प्रकरणात दाखवलं होतं की बुजवलेल्या बहुतेक विहिरींचं पाणी स्वच्छ होतं. घाण विहिरी तशाच राहिल्या. ज्या गल्ल्यांत नळ घ्यायला कुणी तयार नव्हतं, तिथल्याच नेमक्या बुजल्या. एवढी मोठी गोष्ट पान एकशे त्रेचाळीसवरच्या एका तक्त्यात होती, आणि शंभर वर्षांत ती कुणाच्याच ध्यानात आली नव्हती.

“कल्पना कशी सुचली हो तुम्हाला?” बाईंनी विचारलं.

टायवाल्यांनी टायची गाठ सैल केली. “अशा कल्पना... अभ्यासातूनच सुचतात.”

“तक्त्यात किती विहिरी आहेत?”

“आत्ता आठवत नाही. लेखात आहे.”

बाईंनी मान डोलावली. ज्याने तो तक्ता स्वतः मोजला असेल त्याला तो आकडा झोपेतून उठवून विचारला तरी सांगता येईल. मुंगीला येत होता. पण न आठवणं हा गुन्हा नाही, आणि यांच्याकडे तिकीट होतं, पास होता, फोटो होता. मुंगीकडे तोंडच्या शब्दाशिवाय काय होतं?

ग्रंथालयात परतून बाईंनी आपल्याकडची प्रत काढली आणि पान एकशे त्रेचाळीस उघडलं. मनात एकच आशा, की तक्ता तिथे नसेल, टायवाल्यांचा हवाला खोटा निघेल.

तक्ता तिथेच होता. हवाला अगदी बरोबर होता.

५

गुरुवारी दुपारी बाई डबा समोर ठेवून नुसत्याच बसल्या होत्या. उद्या अकरा वाजता सुनावणी. टेबलावर डावीकडे मुंगीचा प्रबंध, उजवीकडे टायवाल्यांचा लेख, मध्ये तो जुना अहवाल.

सरांचं ते बोलणं अजून कानात होतं. कुठली प्रत, कुठलं ग्रंथालय, पत्ता नाही. बघू तरी दे, या पोरीने मला खाली मान घालायला लावली ती कशी, असं म्हणत त्यांनी प्रबंधाचं चौथं प्रकरण उघडलं. तळटीप सापडली. त्यात लिहिलं होतं:

‘विहीर पाहणी अहवाल, पान १४३. या ग्रंथालयातील प्रत. बांधणीच्या वेळी छापील पानक्रमांक कापले गेल्याने येथे शिक्क्याचा क्रमांक दिला आहे.’

बाईंनी ते वाचलं. पुन्हा वाचलं. मग त्यांनी स्वतःच्याच कपाळावर हात मारून घेतला, इतक्या जोराने की शेजारच्या टेबलावरचा वाचक दचकला.

“अगं बाई, मी काय आंधळी झाले होते का!”

शिक्का! तो शिक्का तर त्यांनीच मारला होता. नोकरीला लागल्या त्या पहिल्याच वर्षी. अहवालाची पानं सुटली होती म्हणून तो बांधायला दिला, आणि बाइंडरने कडा सारख्या करायच्या नादात खालची पट्टी सपासप कापून टाकली, छापील क्रमांकांसकट. त्या बाइंडरचा उद्धार करत त्यांनी दोन दिवस बसून, खटखट नंबर पाडायच्या मशीनने, वरच्या कोपऱ्यात नवे क्रमांक घातले होते. पहिल्या कोऱ्या पानापासून, नकाशे धरून, शुद्धिपत्र धरून. छापील आकड्यांशी त्याचा मेळ बसणार नव्हता, पण इलाज काय होता?

तीस वर्षं ते पुस्तक असंच वापरून त्यांना ते आकडे खरेच वाटायला लागले होते. म्हणून काल पान उघडलं, तक्ता दिसला, आणि त्या निराश झाल्या. हवाला बरोबर होता म्हणून! अहो, तो बरोबर असायलाच नको होता.

त्यांनी फोन उचलला. राजधानीच्या अभिलेखागारात कुणीतरी खोकत खोकत तो घेतला.

“विहीर पाहणी अहवाल? आहे की. काय हवंय?”

“पान एकशे त्रेचाळीसवर काय आहे तेवढं सांगा.”

पाच मिनिटं गेली. मग कागदांची सळसळ आणि पुन्हा खोकला. “रस्त्यावरच्या दिव्यांची यादी आहे बाई. कुठल्या चौकात किती.”

“आणि विहिरींचा तक्ता?”

“तो... हा सापडला. पान एकशे एकवीस.”

बाईंनी डोळे मिटून घेतले. “भाऊ, त्या पानाचा फोटो पाठवाल? दोन्ही पानांचा? आणि एक सांगा, ऑक्टोबरात आमचे एक साहेब आले होते, टाय लावून.”

“टायवाले? आले होते की! चिठ्ठी भरली, पुस्तक काढायला मी आत गेलो. बाहेर येऊन बघतो तर साहेब गायब. पास घेतला, पायऱ्यांवर फोटो काढून घेतला आणि गेले. पुस्तक मलाच परत ठेवावं लागलं.”

बाईंनी फोन ठेवला. त्यांनी दुर्मिळ पुस्तकांची नोंदवही ओढली. हा अहवाल घरी नेता येत नाही, सही करून तिथेच बसून वाचावा लागतो. गेल्या चार वर्षांत त्याच्यापुढे एकच सही होती, गेल्या ऑगस्टमधली. मुंगीची.

आणि मग त्यांना त्यांची रोजची टिपणवही आठवली. ऑक्टोबरचं पान. ‘मुंगीला रागावले. नुसतं पान १४३ लिहिते. शिक्क्याचं सांगायला लावलं.’ म्हणजे त्या दिवसापर्यंत मुंगीच्या मसुद्यात तळटीप उघडी होती.

उघडी तळटीप. नुसतं पान एकशे त्रेचाळीस, कुठली प्रत, कुठलं ग्रंथालय, पत्ता नाही.

हे शब्द परवा कोण बोललं होतं?

बाई ताडकन उठल्या. चोर कोण ते त्यांना आता कळलं होतं, आणि त्यांना त्या माणसाची इतकी किळस आली की समोरचा डबा त्यांनी तसाच बंद केला.

६

शुक्रवारी अकरा वाजता बैठकीच्या खोलीत कुलसचिव मध्यभागी बसले होते. डावीकडे विभागप्रमुख सर, उजवीकडे दुसऱ्या विद्यापीठातून आलेल्या परीक्षक बाई. समोर एका खुर्चीत मुंगी, दुसऱ्या खुर्चीत टायवाले. कुलसचिवांना जेवायच्या आधी हे उरकायचं होतं.

दार उघडून तळटीपबाई आत आल्या. छातीशी कापडात गुंडाळलेलं पुस्तक.

“मॅडम, तुम्हाला बोलावलेलं नाही,” कुलसचिव म्हणाले.

“मला नसेल. पण तुमच्या आरोपपत्रात या पुस्तकाचं नाव आहे, आणि हे दुर्मिळ पुस्तक आहे. ते एकटं कुठे जात नाही.”

परीक्षक बाईंना हसू आलं. “बसा तुम्ही.”

बाई बसल्या नाहीत. त्या टायवाल्यांकडे वळल्या. “तुम्ही विहिरींचा तक्ता कुठे पाहिला, ते या सगळ्यांसमोर एकदा सांगा.”

“किती वेळा सांगू? राजधानीच्या प्रतीत. पान एकशे त्रेचाळीस.”

बाईंनी फोन टेबलावर ठेवला. “हे राजधानीच्या प्रतीचं पान एकशे त्रेचाळीस. चौकातल्या दिव्यांची यादी. तुमचा तक्ता तिथे पान एकशे एकवीसवर आहे. या तक्त्यावर एकशे त्रेचाळीस हा आकडा या जगात फक्त एका प्रतीत आहे, या इथल्या. कारण तो मी माझ्या हाताने पाडलाय.” त्यांनी कापड सोडलं, पान उघडलं, कोपऱ्यातला निळा शिक्का दाखवला. “आणि या प्रतीपुढे चार वर्षांत एकाच माणसाची सही आहे. ही घ्या वही. आता सांगा, न बघितलेल्या पुस्तकाचा आकडा तुम्हाला कुणी दिला?”

टायवाल्यांच्या तोंडचं पाणी पळालं. ते सरांकडे बघायला लागले.

“म्हणजे यांनी या मुलीचं उचललं,” कुलसचिव हबकून म्हणाले. “पण कसं? तिच्या टेबलावरून?”

“ते मी सांगते. साहेब, सरांचा लेखी अभिप्राय वाचा. तळटिपेबद्दल काय म्हणतात?”

परीक्षक बाईंनीच कागद उचलला आणि वाचला. “‘मुख्य तळटिपेत केवळ पान १४३ असा उल्लेख असून प्रत वा ग्रंथालय नमूद नाही.’”

“आता प्रबंध उघडा. आणि मग लेख.”

परीक्षक बाईंनी दोन्ही उघडले. बराच वेळ बघितलं. मग त्या सावकाश म्हणाल्या, “प्रबंधात ग्रंथालय आहे, शिक्क्याचंही आहे. लेखात राजधानीची प्रत लिहिली आहे. अशी उघडी तळटीप दोन्हीत कुठेच नाही.”

“नाहीच. ती एकाच ठिकाणी होती. सप्टेंबरच्या मसुद्यात, जो सर म्हणतात त्यांना मिळालाच नाही. ऑक्टोबरात मी मुलीला रागावले, तेव्हा तिने ती सुधारली. हे माझ्या टिपणवहीत तारखेनिशी आहे. सर, जो कागद तुम्ही पाहिलाच नाही, त्यातली चूक तुम्हाला कुठे दिसली हो?”

सरांनी लाल पेन उघडलं, बंद केलं. “माझी... काहीतरी गल्लत झाली असेल. वय झालं.”

“सर, बस करा आता!” टायवाले एकदम ओरडले. “तुम्हीच म्हणालात ही तुमची जुनी टिपणं आहेत, पडून आहेत, वापर म्हणून. तुमच्यानंतर खुर्ची मला मिळायची तर लेख हवा म्हणालात. राजधानीला नुसता जाऊन ये, पान तपासायची गरज नाही, आकडा बरोबर आहे, हेही तुम्हीच म्हणालात!”

देवमाणूस! तळटीपबाईंना वाटलं, ओरडावं. कुंपणानेच शेत खाल्लं, वर पोरीला चोर ठरवायला न्यायाधीश म्हणून येऊन बसलं. आणि हे टायवाले तरी काय धुतल्या तांदळाचे? जे पान बघितलं नाही त्याची शपथ घेऊन मोकळे.

“मला तिचं वाईट करायचं नव्हतं,” सर पुटपुटले. “ते प्रकरण काढ म्हणालो होतो मी. बाकीच्या चार प्रकरणांवर तिला पदवी मिळालीच असती. विषय माझा, विभाग माझा. शेवटी सगळं घरातच राहिलं असतं.”

“घरात?” परीक्षक बाई म्हणाल्या. “आणि ते काढलं नाही, तर तिला घराबाहेर?”

७

आता खरी लढाई संपली असं तुम्हाला वाटेल. तळटीपबाईंनाही वाटलं होतं. पण कुलसचिवांनी टायवाल्यांना बाहेर पाठवलं, घाम पुसला, आणि मऊ आवाजात मुंगीला म्हणाले, “हे बघ बेटा. तुझी पदवी आजच मंजूर करतो. सर डिसेंबरात निवृत्त होतायत, त्यांची पस्तीस वर्षांची सेवा आहे. तो लेख आपण... म्हणजे विद्यापीठाचंही नाव आहे ना त्यावर. तू एवढंच लिहून दे, की तुझी काही तक्रार नाही.”

त्यांनी एक कोरा कागद तिच्यापुढे सरकवला, पेनसुद्धा.

तळटीपबाई दात ओठ खात उभ्या होत्या. पण बोलल्या नाहीत, कारण हे त्यांचं नव्हतं. पाच वर्षं तिची होती. बाहेर बाकावर तिची आई सकाळपासून बसली होती, शिलाईचं काम टाकून. सही केली की सगळं मिळत होतं. कुणीही केली असती.

मुंगीने पेन घेतलं. कागद स्वतःकडे ओढला आणि खाली मान घालून लिहायला लागली. चार ओळी झाल्या, पाच झाल्या. मग तिने कागद फिरवून कुलसचिवांपुढे ठेवला.

“वाचा साहेब.”

कुलसचिवांनी वाचलं, आणि त्यांचा चेहरा उतरला. त्यांनी मोठ्याने वाचलं नाही म्हणून परीक्षक बाईंनी कागद ओढून घेतला आणि वाचला. “‘मार्चमध्ये प्रसिद्ध झालेला लेख हा माझ्या प्रबंधाच्या चौथ्या प्रकरणावरून चोरलेला आहे. विद्यापीठ तो मागे घेण्याची संपादकांना विनंती करत आहे. ही नोटीस माझ्या नावाची नोटीस जिथे लागली, त्याच बोर्डावर, तितकेच दिवस लावावी.’”

“अगं, पण ‘चोरलेला’ कशाला?” कुलसचिव म्हणाले. “‘अनवधानाने संदर्भ राहून गेला’ असं लिहू या. अर्थ तोच.”

“माझ्या नोटिशीत अनवधानाने होतं का साहेब?” मुंगी म्हणाली. सगळ्या आठवड्यात पहिल्यांदाच तिचा आवाज चढला होता. “आणि पदवी तुम्ही मला काय देताय? ती माझीच आहे. माझ्याच वस्तूच्या बदल्यात माझंच तोंड बंद करताय होय?”

“बाळ,” सर म्हणाले, “पस्तीस वर्षांत मिळवलेलं नाव आहे माझं. एका कागदाने...”

“माझंही एकाच कागदाने गेलं होतं सर. मंगळवारी. तुम्ही तो बोर्डासमोर उभं राहून वाचलात आणि चहा प्यायला गेलात. मी बघितलं.”

परीक्षक बाईंनी त्या कागदाखाली आपली सही केली आणि पेन कुलसचिवांच्या हातात दिलं. कुलसचिवांनी घड्याळ बघितलं, पंख्याकडे बघितलं, शेवटी तळटीपबाईंकडे बघितलं. त्या हात बांधून दारात उभ्या होत्या, आणि त्या हलतील असं काही दिसत नव्हतं. त्यांनी सही केली.

मुंगी कागदाची प्रत घेऊन बाहेर आली. बाकावरची आई धडपडत उठली. वाचून तिला काय ते कळलं असतं, पण तिने कागदाकडे बघितलंच नाही, लेकीच्या तोंडाकडे बघितलं.

“सुटलीस का गं एकदाची?”

“सुटायला मी काय केलं होतं आई?” मुंगी म्हणाली, आणि मग मात्र तिथेच, येणाऱ्याजाणाऱ्यांसमोर, आईच्या खांद्यावर डोकं टेकून ती हमसून हमसून रडायला लागली.